क्लबचे पाहुणे आणि गेनूतात्यांच्या फळ्या

कल्पना करा, ओढ्याच्या पलीकडे शाळेची जीप उभी आहे आणि अलीकडे तुमच्या खांद्यावर दुसरीतली एक मुलगी बसली आहे. पाणी मांडीला लागेल एवढं. गढूळ असल्यामुळे पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. चपला काठावर काढून ठेवा. चपलांसकट उतरणारा माणूस पहिल्याच शेवाळलेल्या दगडावर घसरतो. पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करा, त्याला पाठ दाखवू नका आणि खेकड्यासारखं आडवं चाला. एक पाय अंगठ्याने चाचपून रोवला, की मगच दुसरा उचलायचा. मुलीने पाण्याकडे बघता कामा नये. वाहत्या पाण्याकडे बघितलं की तिला गरगरतं, मग तुमच्या कपाळावर धरलेले हात ती घाबरून तुमच्या डोळ्यांवर आणते, आणि तिथे दोघंही संपलात. म्हणून तिला काहीतरी विचारत राहायचं. काल काय जेवलीस? कुणी रांधलं? कालवणात मीठ होतं का?

गेनूतात्या हे काम बरीच वर्षं करतात. त्याचे पैसे त्यांना कुणी देत नाही आणि ते मागतही नाहीत. त्यांची बायको चंद्राबाई म्हणते, "वाडीत कुणाच्या घरी कोंबडं कापलं, कुणाच्या घरी नुसता भात झाला, समदं ह्यांना आधी कळतंय. वढ्यातली चौकीच हाय ही."

मार्गासनीहून गुंजवण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला ओढ्याच्या एका काठाला गाव आहे आणि दुसऱ्या काठाला पंचवीसेक घरं. त्या घरांना सगळे पलीकडची वाडी म्हणतात. शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा, किराणा, सगळं रस्त्याच्या बाजूला. उन्हाळ्यात ओढा म्हणजे दगडांची ओळ. पावसाळ्यात मात्र वाडी तिच्या भाताच्या खाचरांसकट एकटी पडते.

तात्यांचा मुलगा इंद्रजित पुण्यात नऱ्ह्याला राहतो आणि टेम्पो चालवतो. त्याची मुलगी सोनिया लहानपणापासून आजी-आजोबांकडे वाढली. पुण्यातल्या एका खोलीत चार माणसं, त्यापेक्षा गावाला मोकळी राहील, असा त्या वेळचा हिशोब. सोनिया सातवीत असताना श्रावणात तात्या ओढ्यात घसरले. खांद्यावर शेजारचं पोर होतं. पोराला त्यांनी वरच धरलं, पण स्वतःचा उजवा गुडघा दगडावर आपटला. तो पुढे नीट झाला नाही. इंद्रजित बघायला आला आणि जाताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "तात्या, पुढच्या पावसाळ्याच्या आत साकव झाला तर ठीक. नाहीतर सोनियाला मी घेऊन जाणार. तुमचा पाय असा, आणि तिचं पुढं दहावीपर्यंतचं आहे. मला रोज फोन करून विचारायचं नाहीये, की पोरगी पोचली का."

मुलाचं म्हणणं चूक नव्हतं.

साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, माणसं आणि फार तर एखादी मोटरसायकल जाईल एवढा. त्याची मागणी वाडी कितीतरी वर्षं करत होती. मी स्थापत्याचा डिप्लोमा केलेला, शेजारच्याच गावचा. त्यामुळे सरपंच गोरखने जागेची मापं मलाच घ्यायला लावली आणि मी पंचवीस लाखांच्या घरातला खर्च काढून दिला. कागद पुढे गेले. उत्तर दरवर्षी एकच यायचं: निधी उपलब्ध होईल तसं. यात कुणाला शिवी देण्यात अर्थ नव्हता. डोंगराळ तालुका, अशा वाड्या अनेक, आणि दर वाडीला एक ओढा.

आता यात फुटबॉल कुठून आला ते सांगतो.

भात कापून झाला, की खाचरं मोकळी होतात. खाचर सपाट असतं, चारी बाजूंना बांध असतो, त्यामुळे बॉल फार लांब जात नाही. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी एक बॉल आणला होता. वाडीतल्या मुलींनी तो तात्यांच्या खाचरात नेला आणि मग दर हिवाळ्यात हेच चालू झालं. कापलेल्या भाताची धसकटं पायाला टोचतात म्हणून तात्या कुदळीने ती खणून काढायचे. सोनिया डाव्या पायाने मारायची. तिचा आवडता खेळाडू परदेशातल्या एका बलाढ्य क्लबातून खेळतो. तो आफ्रिकेतल्या कुठल्याशा खेड्यातला, आईबाप शेतकरी, लहानपणी अनवाणी खेळायचा, हे तिने मोबाईलवर वाचलं होतं आणि तात्यांना दहा वेळा ऐकवलं होतं. त्याचं नाव तात्यांच्या तोंडात बसत नसे. ते त्याला "सोनीचा गडी" म्हणायचे.

राजगडावर आलेल्या कुणा ट्रेकरने या मुलींचा व्हिडिओ काढला. पुढे भाताच्या खाचरात धावणाऱ्या मुली, मागे किल्ला. तो खूप फिरला. एक दिवस गोरखला पुण्याहून फोन आला. शेफाली नावाची मुलगी बोलत होती. सोनियाचा गडी ज्या क्लबातून खेळतो, त्याच क्लबाची एक धर्मादाय संस्था होती आणि शेफाली त्यांचं इकडचं काम बघायची. क्लबाची माणसं भारतात येणार होती. त्यांना मुलींना भेटायचं होतं, छोटी फिल्म काढायची होती आणि गावासाठी "काहीतरी करायचं" होतं.

त्या दिवशी संध्याकाळी गावातल्या पारावर चहा मागवला गेला. गोरखने मला विचारलं, "तू शिकलेला हायेस. ह्या क्लबाकडं पैसा किती असंल?"

मी मोबाईलवर शोधून सांगितलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या क्लबांची वर्षाची कमाई आपल्या पैशात नऊ-दहा हजार कोटींवर जाते. आपल्या अख्ख्या जिल्हा परिषदेचं स्वतःचं अंदाजपत्रक काहीशे कोटींचं.

"म्हंजी एक क्लब आपल्या जिल्हा परिषदेला खिशात घालून फिरंल," गोरख म्हणाला.

"आणि एकेका मोठ्या खेळाडूला वर्षाला शे-दोनशे कोटी मिळतात. तो खेळाडू एका दिवसात जेवढं कमावतो, त्यात आपला साकव होतो."

तात्यांनी कपातला चहा बशीत ओतता ओतता हात थांबवला. "एका दिसात? खेळला न्हाई त्या दिशी तरी?"

"तरी मिळतात. पाय दुखावून घरी पडून राहिला तरी."

"पाय तर माजा बी दुखावलाय," तात्या गुडघा चोळत म्हणाले.

"तात्या, तिकडं खेळाडू इकत घेत्यात, इकत्यात," गोरख म्हणाला. "ह्या पाव्हण्यांना तुमी पसंत पडला तर बोला. आमी तुमाला इकतो. वाडीचा साकव हुईल, वर समाजमंदिराला रंग बी मारू."

"आन् म्या तिकडं काय करू?"

"पोरं वलांडून द्या की त्यांची. मैदानात पानी साचलं तर."

सगळे हसले, तात्याही हसले. पण घरी जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पंचवीस लाख त्यांना मागितले, तर त्यांना ते लई वाटायचं न्हाई न्हवं?" मी म्हणालो, "नाही तात्या. त्यांना ते दिसणारसुद्धा नाहीत."

गोरख मुरलेला माणूस होता. त्याने बेत सांगितला. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता आणि डिसेंबर उजाडला तरी ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. "कुनी काय सांगायचं न्हाई, काय मागायचं न्हाई," तो म्हणाला. "नुसतं त्यांना वढ्यातनं यिऊ द्या. बूट हातात, प्यांटी वर, क्यामेरा डोक्यावर. पायाला गार पानी लागलं, की त्येच इचारतील, पावसाळ्यात पोरं कशी जात्यात? मग आपुन तोंड उघडायचं. तवर दगूड बी हलवायचा न्हाई कुनी. तात्या, कळलं का? तुमाला सांगतोय."

"कळलं की," तात्या म्हणाले.

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, असं चंद्राबाई आजही सांगते.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी शेफाली एकटी गावापर्यंतचा रस्ता बघून ठेवायला आली. पारावर तात्यांशेजारी बसून तिने पाणी घेतलं आणि सहज बोलून गेली, की क्लबाकडून ज्या मुख्य बाई येणार आहेत त्या सत्तरीच्या आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात, पण लहान मुलांची फार आवड, म्हणून हट्टाने येतायत. ओढ्यापर्यंत न येता शेफाली तिथूनच परत गेली. तात्या बराच वेळ उजवा पाय लांब करून बसून राहिले.

मग उठून ते घरी, गोठ्यात गेले. नव्या गोठ्याच्या माळ्यासाठी त्यांनी ऐनाच्या लाकडाच्या फळ्या जमवून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला नवरा-बायकोने मिळून त्या ओढ्यावर नेल्या. दोन लांब ओंडके आडवे टाकले, त्यांवर फळ्या बसवल्या, सुंभाने आवळल्या, एका बाजूला धरायला वेळू बांधला. चंद्राबाई म्हणाली, "अवो, सरपंच काय म्हनला व्हता?"

"म्हनू दी. म्हातारी बाई, काठी टेकत येनार, तिला गार पान्यात उतरवायची? पाव्हण्याच्या पायावर पानी आपुन घालायचं आसतंय, वढ्यानं न्हाई."

मग चंद्राबाईनेच घरातून झेंडूची माळ आणून वेळूला गुंडाळली.

गोरख सकाळी ओढ्यावर आला आणि बघतच राहिला. तात्यांकडे न बघता तो मला म्हणाला, "बघ. साकव झाला. घाल हार फोटूला." पण फळ्या काढायला आता वेळ नव्हता. गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

बाई खरोखरच चांगल्या होत्या. फळ्यांवर पाऊल टाकण्याआधी थांबल्या, झेंडूला हात लावला, वेळू धरून सावकाश पार आल्या. कॅमेरावाल्याने त्यांना परत पाठवून पुन्हा एकदा चालत यायला लावलं. पूल त्याला फार आवडला होता. वाडीत चंद्राबाईने सगळ्यांच्या पायांवर कोमट पाणी घातलं. मग खाचरात सामना झाला. सोनियाने बांधाच्या कडेवरून डाव्या पायाने बॉल वळवला तेव्हा बाईंनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

जेवणं झाली. इंद्रायणीचा भात आणि गावठी कोंबडीचा रस्सा. मग गोरखने विषय काढला. शेफालीने इंग्रजीत सांगितलं, की या लोकांना ओढ्यावर पूल हवा आहे. बाई गोंधळल्या. त्यांनी काहीतरी विचारलं आणि शेफाली तात्यांकडे वळली.

"त्या म्हणतायत, आहे तो पूल किती छान आहे. कुणी बांधला?"

"म्या," तात्या म्हणाले. तोंडातून अभिमानानेच निघालं ते.

बाई उठल्या, काठी टेकत तात्यांपर्यंत आल्या आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग हळू आवाजात आणखी काही विचारलं.

शेफाली म्हणाली, "विचारतायत, तुम्हाला इथे काही त्रास आहे का? मोकळेपणाने सांगा म्हणाल्या."

हाच तो क्षण. गोरख डोळ्यांनी खुणावत होता, सोनिया दारात उभी होती. आणि पासष्टीच्या गेनूतात्यांनी आयुष्यभर दारात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला जे सांगितलं होतं, तेच सांगितलं. पानावरून उठलेल्या पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नसतं, ही त्यांची रीत.

"न्हाई, न्हाई. काय बी तरास न्हाई. तुमच्या आशीर्वादानं समदं बेस हाय."

शेफालीने तेच इंग्रजीत सांगितलं. दुसरं काय सांगणार? गोरख पुढे बोलत राहिला, पावसाळा, पाणी, मुलं. शेफालीने तेही सांगितलं. पण ऐकणाऱ्याचं मन आधीच निवांत झालं होतं. बाई हसून मान हलवत होत्या. ज्याने पूल बांधला त्याचीच तक्रार नव्हती.

महिनाभराने क्लबाकडून खोकी आली. बॉल, बूट, ॲल्युमिनियमचे दोन गोलखांब जाळीसकट, आणि वाडीतल्या लहानथोर सगळ्यांना क्लबाच्या जर्सी. सोनियाच्या जर्सीवर तिच्या गड्याचं नाव. तात्यांनाही एक होती, पाठीवर इंग्रजीत "गेनू" असं लिहिलेली. फिल्मही आली. अडीच मिनिटांची, फार सुंदर. सुरुवातीलाच तात्यांचा पूल, त्यावरून काठी टेकत येणाऱ्या बाई, खालून वाहणारं स्वच्छ पाणी. लाखो लोकांनी ती पाहिली. निधीची चौकशी करायला गोरख एका कार्यालयात गेला, तेव्हा तिथल्या कुणीतरी चहा पिता पिता म्हटलं, "अहो, तुमच्या वाडीला तर पूल आहे की. आम्ही बघितला मोबाईलवर." तो चेष्टेने बोलला असेल. गोरखला मात्र ती चेष्टा वाटली नाही.

वाडीतल्या लोकांनी तात्यांना फार बोल लावला नाही, पण टोमणे चालू राहिले. कुणाच्या घरी पाहुणा आला, की कुणीतरी ओट्यावरून ओरडायचं, "तात्या, फळ्या घिऊन या." कुणी म्हणायचं, "तात्यांना काय तरास न्हाई, आमाला हाय." तात्या हसून सोडून द्यायचे. पूर्वी पारावर रोज यायचे, ते आता कमी यायला लागले.

पावसाने जोर धरला आणि आषाढातल्या एका सकाळी ओढ्यावर ना फळ्या होत्या, ना ओंडके. गोठ्याचा माळाही गेला.

त्याच आठवड्यात इंद्रजित टेम्पो घेऊन आला. तात्यांनी सोनियाची पिशवी स्वतः डोक्यावर घेतली. सोनिया आता खांद्यावर बसण्याएवढी लहान राहिली नव्हती. ती त्यांच्या मागे त्यांचा सदरा धरून ओढ्यात उतरली. नेहमीच्या सवयीने तात्यांनी विचारलं, "काल काय जेवलीस?"

"तुम्हीच वाढलंत की तात्या," ती म्हणाली.

सोनियाच्या नऱ्ह्याच्या शाळेला मैदान नाही. शाळेच्या मागे गाड्या लावतात तिथे मुलगे क्रिकेट खेळतात. बूट तिने बरोबर नेले होते, ते लहान झाले. इंद्रजित म्हणतो, "अभ्यासात बरी आहे, तेच पुष्कळ." फोनवर ती आजीला खाचराचं विचारते, भात केवढा झाला, धसकटं काढली का. गोलखांब गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात उभे आहेत. खाचरात त्यांना पाया नाही आणि तसंही मुली आता थोड्याच उरल्यात.

तात्या अजून पोरं ओलांडून देतात, लंगडत. पावसात इरल्याखाली ती क्लबाची जर्सी घालतात. लवकर वाळते म्हणतात, सदऱ्यापेक्षा बरी. पाण्यात आडवे चालणारे तात्या काठावरून बघितले, की इरल्याच्या कडेखाली जगातल्या एका अतिश्रीमंत क्लबाचं बोधचिन्ह चिंब झालेलं दिसतं.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा मापं घ्यायला गेलो होतो. साकवाचा खर्च नव्या दराने काढून द्यायचा होता. तो वाढलाय. काम आटोपल्यावर तात्या काठावर शेजारी येऊन बसले. मला वाटलं, ते फळ्यांचं काढतील. मी मनात तयारीही केली होती, की तात्या, तुमची चूक नव्हती, त्यांनी तुमच्या एका शब्दावर निवांत व्हायला नको होतं. पण त्यांनी फळ्यांचं नावही काढलं नाही.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "तू मोबाईलवर समदं हुडकतोस. सोनीचा गडी हाय न्हवं, त्यो बी खेड्यातलाच म्हनं. शेतकऱ्याचा पोरगा, अनवानी खेळायचा. त्याच्या गावाला बी वढा आसंलच की. त्याला बी लहानपनी कुनीतरी खांद्यावर घिऊन वलांडलं आसंल."

"असेल," मी म्हणालो.

"आता त्यो दिसाला एक साकव कमावतो, तू म्हनला व्हतास." त्यांनी दुखरा पाय पाण्यात सोडला. "मग मला एवडं हुडकून सांग. त्याच्या गावात साकव झाला का?"